अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग : संयुक्त चिकित्सा

मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागाभोवती असलेल्या पुरुषांतील अष्ठीला म्हणजेच प्रोस्टेट ग्रंथीत उद्‌भवणारा हा मारक रोग बहुधा उतारवयात आढळतो. त्याच्या उपचारात मूत्ररोगतज्ञाबरोबर कर्करोगतज्ञ, किरणोपचारतज्ञ व विकृतिवैज्ञानिक यांनी एकत्र विचार करून निर्णय घेण्याच्या पद्धतीस संयुक्त चिकित्सा म्हणतात. लघवीच्या तक्रारींमुळे रुग्ण प्रथम मूत्ररोगतज्ञाकडे जातो व पुष्कळदा त्याच्याच देखरेखीखाली राहतो. कर्करोगतज्ञाचा सहभाग केव्हा सुरू होतो, यावर कोणते उपचार शक्य राहतात हे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

निदान : लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही लक्षणे ग्रंथीच्या साध्या वृद्धीतही आढळतात, म्हणून केवळ लक्षणांवरून निदान होत नाही. गुदमार्गे बोटाने तपासणी, रक्तातील अष्ठीला-विशिष्ट प्रतिजनाचे (पीएसएचे) मापन आणि जीवोतक परीक्षा (ग्रंथीतील ऊतकाचे बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे) यांनी निदान निश्चित होते. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांनी १९६६ मध्ये मांडलेल्या श्रेणीपद्धतीवरून रोगाच्या आक्रमकतेचा अंदाज येतो. रोग लसीका ग्रंथींत वा हाडांत पसरला आहे की नाही, हे प्रतिमादर्शक तपासण्यांवरून कळते.

मर्यादित रोग : रोग ग्रंथीपुरताच असल्यास सक्रिय निरीक्षण, शस्त्रक्रिया व किरणोपचार असे तीन मार्ग संभवतात. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात निदान झालेल्या १,६४३ पुरुषांची या तीन गटांत विभागणी करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांनुसार या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत सु. ३ टक्केच होते. मात्र निरीक्षणाखालील गटात रोग पसरण्याचे प्रमाण इतर दोहोंच्या जवळजवळ दुप्पट होते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता, तर किरणोपचारानंतर आतड्याचे कार्य अधिक बाधित होण्याचा संभव असतो. निवड अशी तुल्यबळ मार्गांतून करावयाची असल्याने एकाच तज्ञाचे मत पुरेसे ठरत नाही. प्रत्येक तज्ञाचा कल आपल्या परिचयाच्या पद्धतीकडे असणे स्वाभाविक असते.

पसरलेला रोग : चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये असे दाखविले की, हा रोग टेस्टोस्टेरोन या पुं-हॉर्मोनावर (वृषणांतून रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावावर) पोसला जातो व तो स्राव थांबविल्यास मागे हटतो. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वृषण काढून टाकणे किंवा ठराविक मुदतीने अंतःक्षेपणे (इंजेक्शने) देणे हे आजही या उपचाराचे मूळ आहे. वृषण काढण्याचा खर्च एकदाच येतो, परंतु रुग्णाच्या मनाला ते जड जाते.

हा परिणाम बहुधा कायम टिकत नाही. म्हणून पूर्वी हॉर्मोनरोध निष्प्रभ झाल्यावरच रुग्णास कर्करोगतज्ञाकडे पाठवीत. हा क्रम आता बदलला आहे. ७९० रुग्णांवरील एका अमेरिकन चाचणीत हॉर्मोनरोधासोबत आरंभीच डोसेटॅक्सेल हे औषध दिल्यास आयुर्मर्यादेचा मध्यक ४४ महिन्यांवरून सु. ५८ महिन्यांवर गेल्याचे आढळले (२०१५). रोग अधिक पसरलेल्यांत लाभ विशेष होता. २०१७ मध्ये ॲबिराटेरोन या औषधाचाही आरंभीच उपयोग होतो, असे सिद्ध झाले. शरीर सशक्त असता जे औषध सोसते, तेच रोगाने खंगल्यावर सोसत नाही. उशिरा घेतलेला सल्ला त्यामुळे तितकासा उपयोगी पडत नाही.

तातडीची अवस्था : मणक्यांत पसरलेल्या रोगाचा दाब मेरुरज्जूवर पडल्यास पाठदुखीबरोबर पायांतील शक्ती जाते व मलमूत्रावरील ताबा सुटतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. चालता येत असतानाच स्टेरॉइडे व किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया झाल्यास पाय वाचण्याची शक्यता मोठी असते; पूर्ण पक्षाघातानंतर ती फार कमी होते. वृद्धाची पाठदुखी वयावर ढकलण्याची प्रवृत्ती म्हणूनच घातक ठरते.

खुलताबाद परिसर : खुलताबाद हे तालुक्याचे ठिकाण छत्रपती संभाजीनगरपासून (२०२३ पर्यंतचे नाव औरंगाबाद) सु. २५ किमी. अंतरावर आहे. त्या शहरात ‘घाटी’ या नावाने परिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्थापना १९५६) रुग्णालय असून २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. त्यामुळे मूत्ररोगतज्ञाकडून कर्करोगतज्ञाकडे जाण्यासाठी येथील रुग्णास मुंबईची वाट धरावीच लागते असे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. अंतर थोडे असले, तरी कित्येक आठवडे चालणाऱ्या किरणोपचारासाठी रोजची ये-जा, सोबतीच्या माणसाची बुडणारी मजुरी व या रोगाविषयी बोलण्याचा संकोच हे अडथळे उरतातच.

अनेक ठिकाणी किरणोपचार व औषधयोजना ही दोन्ही कामे एकच कर्करोगतज्ञ पाहतो. तो आल्याने मूळचा वैद्य दूर होत नाही. लघवीच्या अडथळ्यावर मूत्ररोगतज्ञाचेच उपचार चालू राहतात. हॉर्मोनरोधामुळे हाडे ठिसूळ होतात, वजन व रक्तशर्करा वाढते. यांवर लक्ष ठेवण्याचे काम गावातील वैद्य उत्तम करू शकतो. पीएसएच्या तारीखवार नोंदी, जीवोतक परीक्षेचा अहवाल व चालू औषधांची यादी रुग्णाने एकत्र जपल्यास तपासण्यांची पुनरावृत्ती टळते आणि निर्णय लवकर होतो.