दुर्गाडीपासून उत्तनपर्यंत

दक्षिण प्रशांत महासागरातल्या हेंडरसन बेटावर माणूस राहत नाही. तरीही तिथल्या किनाऱ्यांवर प्लॅस्टिकचे ३ कोटी ७७ लाख तुकडे असावेत, असा अंदाज २०१७ साली जेनिफर लेव्हर्स आणि अलेक्झांडर बाँड या संशोधकांनी मांडला. त्या किनाऱ्याची छायाचित्रं जगभर फिरली. हळहळ ठाण्या-कल्याणातही झाली असेल. पण ठाणं स्वतःच एका बेटावर, साष्टीवर, वसलेलं आहे. हेंडरसनचा किनारा कुणी भरला हे सांगणं अवघड. साष्टीच्या वायव्येला उत्तनचा किनारा कुठल्या वाटेनं भरतो, ते मात्र पायी चालत पाहता येतं.

ती वाट म्हणजे उल्हास नदी. २०२१ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये लॉरेन्स मायर आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नद्या समुद्रात किती प्लॅस्टिक सोडतात याचा हिशेब मांडला. मनिलाची पासिग पहिली आली. उल्हास पहिल्या दहांत होती, आणि गंगेच्याही वर. उल्हासचा वाटा सुमारे १.३ टक्के, म्हणजे वर्षाला १३ हजार टनांच्या आसपास. हा गणिती अंदाज आहे, नदीच्या मुखाशी तराजू लावून काढलेला आकडा नव्हे. तरी त्यामागचं कारण इथल्या कुणालाही पटेल असंच आहे.

कानपूरला गंगेत पडलेल्या पिशवीला समुद्र शेकडो किलोमीटर दूर असतो. वाटेत ती गाळात रुतते, काठाला अडकते. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि जेमतेम सव्वाशे किलोमीटरांत समुद्राला मिळते. कर्जत, बदलापूर करत ती कल्याणला येते, तिथे खाडीची भरती तिला सामोरी येते. अंबरनाथ-उल्हासनगरच्या वस्त्यांमधून येणारी वालधुनीही कल्याणजवळच खाडीला मिळते. लाखोंची वस्ती, उघडे नाले, मुसळधार पाऊस आणि हाकेच्या अंतरावर समुद्र, हे सगळं इथे एकत्र आलं आहे. कल्याणचं आधारवाडी डम्पिंगही वर्षानुवर्षं खाडीलगतच होतं. ते २०२१ साली बंद झालं.

कचरा मात्र एका दमात समुद्रात जात नाही. ओहोटी त्याला ठाण्याकडे ओढते, भरती परत लोटते. कोपर ते दिवा लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या तिवरांच्या खारफुटीत तो अडकतो. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर डोकावतात, कारण खालच्या चिखलात हवा जवळपास नसते. त्यांवर पिशव्यांचा थर बसला की झाड हळूहळू गुदमरतं. ज्या खारफुटीच्या रक्षणासाठी माणसं न्यायालयात झगडली, तिच्याकडूनच आपण कचरा गाळायचं काम करून घेतो आहोत. मग उधाणाची भरती आणि पावसाचा लोंढा एकत्र आले की वर्षभराचं साठलेलं सुटतं आणि घोडबंदरवरून वसईच्या खाडीतून बाहेर पडतं.

मुखाशी उत्तनच्या कोळ्यांची डोल असते. हे पिशवीसारखं जाळं प्रवाहाला तोंड करून खुंटांना बांधतात. पाणी जे आणेल ते त्यात शिरतं, बोंबील-जवळ्यासोबत प्लॅस्टिकही. जाळं जड लागतं, निवडण्यात वेळ जातो, आणि त्याचं मोल कुणी देत नाही. कल्याणच्या ज्या घरातून वेफर्सचं पाकीट नाल्यात गेलं, तिथे या खर्चाची पावती कधीच पोहोचत नाही.

कायदे झाले. २६ जुलै २००५च्या मुंबईतल्या पुरानंतर ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ला राज्यानं व्यापक बंदीची अधिसूचना काढली. पण कारखान्यातच माल भरून येणाऱ्या वेष्टनांना त्यात सूट मिळाली. कुठल्याही नाल्यात पाहा, आज तरंगतात ती हीच.

२०१५ साली वर्सोव्यात अफरोज शहांनी किनारा साफ करायला घेतला, हजारो माणसं त्यात उतरली. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण किनारा ही या प्रवासाची शेवटची जागा आहे. तिथे येईपर्यंत पिशवीचे तुकडे झालेले असतात, वाळूत मिसळलेले असतात. पिशवी अखंड असते, हाताला लागते, ती वालधुनीच्या काठावर आणि कल्याणच्या खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याच्या वरच्या नाल्यांत. तिथे नाल्यांच्या मुखाशी जाळ्या बसवून त्या जूनच्या पहिल्या पावसाआधी, आणि पुढे पावसाळाभर रोज, उपसल्या पाहिजेत. नालेसफाईच्या निविदा दरवर्षी निघतातच. त्यांत गाळाबरोबर प्लॅस्टिकचं वजन वेगळं नोंदवायची अट घालायला नवा कायदा लागत नाही.