माऊस-कीबोर्डवर कस्टम किती? बिलावरचा ‘एचएसएन’ नंबर सगळं सांगतो

अमडापूर (ता. चिखली) : सेवा केंद्रासाठी कीबोर्ड घ्यायचा असो की पोरांच्या अभ्यासासाठी माऊस, भाव जास्त का म्हणून विचारलं की एक उत्तर हमखास मिळतं, “बाहेरचा माल आहे, कस्टम लागतं.” ऐकणारा गप्प बसतो. पण प्रत्येक बाहेरच्या वस्तूवर सारखं कस्टम लागत नाही. कोणत्या वस्तूवर किती, हे एका आठ आकडी नंबरावरून ठरतं. त्या नंबराचे सुरुवातीचे आकडे अनेकदा आपल्या हातातल्या पक्क्या बिलावरच छापलेले असतात.

हा नंबर म्हणजे काय?

बिलावर ‘एचएसएन’ असा रकाना असतो. शेताला जसा गट नंबर, तसा वस्तूला हा नंबर. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने ही पद्धत तयार केली असून ती १९८८ पासून लागू आहे. पहिले दोन आकडे प्रकरणाचे, चार आकडे वस्तूच्या गटाचे. पहिले सहा आकडे ही पद्धत पाळणाऱ्या सगळ्या देशांत सारखेच असतात. शेवटचे दोन आकडे भारताने आपल्या सोयीने जोडले आहेत. ‘सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५’ च्या पहिल्या अनुसूचीत ही सगळी यादी दिलेली आहे.

कीबोर्डचा नंबर ८४७१ ६० ४०, तर माऊसचा ८४७१ ६० ६०. ८४७१ हा कॉम्प्युटरचा गट. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर किमान चार आकडे, त्यापुढच्या उलाढालीला सहा आकडे लिहावे लागतात. साध्या ग्राहकाच्या बिलावर मात्र छोट्या दुकानदाराला हा नंबर टाकायची सक्ती नाही.

कॉम्प्युटरला जोडलं म्हणजे कॉम्प्युटरचं झालं का?

इथेच गंमत आहे. एकाच टेबलावरच्या वस्तू कायद्याच्या यादीत वेगवेगळ्या घरी राहतात.

- कीबोर्ड, माऊस : ८४७१
- रॅम आणि कॉम्प्युटरचे इतर सुटे भाग : ८४७३
- प्रिंटर : ८४४३
- मॉनिटर : ८५२८
- लॅपटॉपचा चार्जर : ८५०४
- वायफाय राऊटर : ८५१७
- हेडफोन : ८५१८
- पेन ड्राईव्ह : ८५२३
- पिनसह केबल : ८५४४
- लॅपटॉपची बॅग : ४२०२, म्हणजे थेट पेट्या-पिशव्यांच्या प्रकरणात

नियम असा, की यादीत वस्तूचं स्वतःचं नाव असेल तर ती त्या नावाखाली जाते. प्रिंटर कॉम्प्युटरशिवाय चालत नसला तरी त्याला स्वतंत्र जागा दिली आहे. त्यामुळे तो तिथेच मोजायचा.

पैशाचा फरक किती?

१९९६ साली सिंगापूर येथे माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंचा जागतिक करार झाला. भारतही त्यात सामील झाला. त्यामुळे कीबोर्ड-माऊसवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे. लागतो तो १८ टक्के आयजीएसटी.

समजा एक लाखाचा माल आला. शुल्क शून्य असेल तर आयजीएसटी १८,००० रुपये. तोच माल दहा टक्के शुल्काच्या घरात गेला तर शुल्क १०,०००, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार १,०००, आणि मग १,११,००० वर आयजीएसटी १९,९८०. एकूण ३०,९८० रुपये. यातला आयजीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याला क्रेडिट म्हणून परत मिळतो. मूळ शुल्क आणि अधिभाराचे ११,००० मात्र मिळत नाहीत. ते फिरून भावातच येतात, म्हणजे शेवटी गिऱ्हाईकाच्या खिशातून जातात.

दहा किलोंचा खटला

नंबर कोणता लावायचा, यावर मोठमोठ्या कंपन्याही कोर्टात जातात. रायगड जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरावरचंच एक प्रकरण पहा. ‘ऑल-इन-वन’ कॉम्प्युटर, म्हणजे स्क्रीन आणि मशीन एकातच असलेला संच, एचपी कंपनीने ८४७१ ५० ०० खाली दाखवला. सीमाशुल्क विभाग म्हणाला, वजन दहा किलोच्या आत आहे, म्हणून हा ‘पोर्टेबल’, नंबर ८४७१ ३० १०.

१७ जानेवारी २०२३ रोजी न्या. सूर्यकांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फक्त वजन कमी म्हणून वस्तू पोर्टेबल होत नाही. ती सहज सोबत नेता आली पाहिजे आणि बाहेरच्या विजेशिवाय चाललीही पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पाटा दहा किलोंच्या आतला असला तरी कोणी तो पिशवीत घालून गावोगाव फिरत नाही, तसंच हे. विकिपीडियासारख्या, कोणीही बदल करू शकेल अशा माहितीवर निकाल देताना जपून राहा, असंही न्यायालयाने बजावलं.

आपण काय करायचं?

- पक्कं बिल मागा. त्यावर एचएसएन असेल तर वस्तूशी जुळतो का पहा.
- कीबोर्ड-माऊस “कस्टममुळे महाग” असं कोणी म्हटलं तर ते पटवून घेऊ नका. डॉलरचा भाव, वाहतूक आणि नफा ही कारणं असू शकतात. मूळ शुल्क त्यात नाही.
- ग्रामपंचायत किंवा शाळेची खरेदी असेल तर कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, तिच्या एचएसएनसह मागवा. “कॉम्प्युटर साहित्य, एक संच” एवढ्या एका ओळीत काय काय आहे, ते कळत नाही.
- स्वतः बाहेरून माल मागवून धंदा करायचा असेल तर नंबर आधी पक्का करा. चुकला तर राहिलेलं शुल्क व्याजासह भरावं लागतं. शंका असल्यास माल येण्याआधीच मुंबईतल्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.
- “तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या नंबरवर पैसे टाका” असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. सीमाशुल्क विभाग कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. विभागाच्या पत्रावर डीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.