बांबूचे मोजे आणि रेयॉनची कुर्ती

रेयॉनची कुर्ती ‘सिंथेटिक आहे’ म्हणून परत ठेवणारे पुष्कळ आहेत. ‘बांबूचे, म्हणजे अस्सल नैसर्गिक’ म्हणून मोज्यांच्या जोडीला दुप्पट पैसे मोजणारेही कमी नाहीत. बहुतेक वेळा दोन्ही वस्तूंतला तंतू एकच असतो, तो म्हणजे व्हिस्कोस. कापड कशापासून झाले एवढेच दोघे पाहतात, ते कसे झाले हे विचारत नाहीत, आणि फसतात ते इथेच.

पॉलिएस्टरचा रेणू कारखान्यात खनिज तेलातल्या रसायनांपासून जुळवला जातो. व्हिस्कोसचा रेणू झाडानेच घडवलेला असतो. तो सेल्युलोज, कापसात असतो तोच. शिवणीतला सुटा धागा जपून जाळून पाहा: व्हिस्कोसला जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे राख उरते, पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी बनतो. तेव्हा रेयॉन म्हणजे प्लास्टिक, हा समज निखालस चूक. मग लाकूड पिंजून सरळ सूतच का कातत नाहीत? कारण लाकडातले तंतू फार आखूड. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटर भरतो, तर निलगिरीचा जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून सेल्युलोज विरघळवून त्याचा नवा, हवा तितका लांब तंतू ओढावा लागतो. अडचण अशी की ते पाण्यात विरघळत नाही, नेहमीच्या द्रावकांतही नाही. त्यावर १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी आडवाट काढली आणि तिचे पेटंट घेतले.

ती वाट अशी: लाकडाच्या लगद्याचे पुठ्ठ्यासारखे ताव कॉस्टिक सोड्यात भिजवून दाबतात, त्यांचा चुरा करतात आणि तो काही काळ मुरू देतात. मग त्याला कार्बन डायसल्फाइड देतात. पांढरा चुरा नारिंगी होतो आणि सौम्य कॉस्टिकमध्ये घातला की काकवीसारखा दाट द्रव तयार होतो. हा द्रव गाळून बारीक छिद्रांच्या चकतीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला जातो. आम्ल लागताच कार्बन डायसल्फाइड सुटते, सेल्युलोज मूळ रूपावर येते आणि तंतू बांधला जातो. कल्याणजवळ शहाडला आणि मध्य प्रदेशात नागद्याला अनेक दशके याच पद्धतीने व्हिस्कोस बनत आले आहे. इतकी रसायने लागतात तर याला नैसर्गिक कसे म्हणायचे, हा आक्षेप रास्त आहे, आणि वस्त्रशास्त्रही तसे म्हणत नाही. त्याने या तंतूंसाठी ‘पुनर्जनित सेल्युलोज’ असा वेगळा कप्पा केला आहे. वेगळेपण नुसते कागदावरचेही नाही. या सगळ्या खटाटोपात सेल्युलोजच्या साखळ्या तुटून आखूड होतात. त्यामुळे कापूस ओला झाला की थोडा मजबूतच होतो, व्हिस्कोसची ताकद मात्र ओलेपणी जवळपास निम्म्यावर येते. रेयॉनची कुर्ती पिळू नये ती यासाठी.

आता बांबू. बाजारातले मऊसूत ‘बांबू’ कापड बहुतांशी याच कुंडातून आलेले असते. बांबूत जंतुनाशक गुण असतात आणि ते कापडात उतरतात, असे विक्रेते सांगतात. पण विरघळून पुन्हा घडलेल्या सेल्युलोजमध्ये ते बांबूचे होते की निलगिरीचे, याने फारसा फरक उरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा दाव्यांवर कारवाई चालवली आहे. रेयॉन ‘बांबूचे’ म्हणून विकल्याबद्दल २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स यांना मिळून ५५ लाख डॉलर दंड मोजावा लागला.

‘झाडाचे म्हणजे निर्धोक’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. नेसणाऱ्याने घाबरायचे कारण नाही; कार्बन डायसल्फाइड झटकन उडून जाते आणि तंतूही अनेकदा धुतला जातो. झळ लागते ती कारखान्यातल्या कामगाराला. दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास कार्बन डायसल्फाइडची वाफ मज्जासंस्था आणि हृदय यांना इजा करते. दक्षिण कोरियातल्या वोनजिन रेयॉनमध्ये शेकडो कामगारांना अशी विषबाधा झाली. तो कारखाना जपानमधून आलेल्या जुन्या यंत्रांवर चालत होता. १९९३ मध्ये तो बंद पडला आणि तीच यंत्रे पुढे चीनला विकली गेली.

याला पर्याय आहे. लायोसेल हा तंतू बनवताना लाकडाचाच लगदा एनएमएमओ नावाच्या द्रावकात थेट विरघळतो. कार्बन डायसल्फाइड लागत नाही आणि ९९ टक्क्यांहून अधिक द्रावक परत वापरता येतो. ते महाग पडते हे खरे. व्हिस्कोसचे कारखानेही कार्बन डायसल्फाइडची वाफ कोंडून परत मिळवू शकतात, मात्र त्यासाठी खर्च करावा लागतो आणि गिऱ्हाईक विचारत नाही तोवर तो टाळता येतो. म्हणून पुढच्या खेपेला लेबलावर बांबूचे हिरवे पान दिसले, तर त्याखालच्या बारीक अक्षरांत व्हिस्कोस लिहिले आहे की लायोसेल, एवढे वाचाच. काहीच लिहिले नसेल तर दुकानदाराला विचारा.