खुली आणि बंदिस्त प्राथमिक निवडणूक : अमेरिकन राज्यांतील नियमभेद

राजकीय पक्षाचा उमेदवार कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न बहुतेक लोकशाही देशांत त्या त्या पक्षाच्या अंतर्गत कारभाराचा समजला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो राज्याच्या कायद्याचा विषय झालेला आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील उमेदवारी पक्षपरिषदांत ठरत असे आणि त्या परिषदांवर पक्षधुरीणांचा पगडा असे. तो मोडण्याच्या हेतूने रॉबर्ट ला फॉलेट यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली प्रत्यक्ष प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला. १९०४ मध्ये मतदारांनी त्यास संमती दिली. पुढे ही पद्धती सर्वत्र पसरली. परंतु तिचे नियम प्रत्येक राज्याने आपापल्या परीने घडविले.

या नियमांतील मुख्य भेद पक्षनोंदणीवर अवलंबून आहे. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, केंटकी इत्यादी राज्यांत प्राथमिक निवडणूक बंदिस्त असते. म्हणजे ज्या मतदाराने आपले नाव त्या पक्षाचा म्हणून नोंदविले असेल, त्यालाच तीत मत देता येते. केंटकीत पक्ष बदलू इच्छिणाऱ्या मतदाराला आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तशी नोंद करावी लागते. याउलट विस्कॉन्सिनमध्ये पक्षनोंदणीच नाही. मतदार कोणत्याही एका पक्षाची निवड गुप्तपणे, मतपत्रिकेवरच करतो. टेक्सासमध्येही पक्षनोंदणी नाही. तथापि तेथे मतदाराला विशिष्ट पक्षाची मतपत्रिका मागून घ्यावी लागते आणि त्याच वर्षी दुसऱ्या पक्षाच्या फेरनिवडणुकीत भाग घेता येत नाही. तेव्हा 'खुली' म्हणविणारी राज्येही सारखीच खुली नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये अपक्ष मतदार हव्या त्या एका पक्षाची मतपत्रिका घेऊ शकतो, परंतु एका पक्षात नोंदलेल्याला दुसऱ्या पक्षाचे दार बंद असते. अशा पद्धतीस अर्धबंदिस्त म्हणता येईल.

राज्याचा अधिकार कोठे संपतो व पक्षाचे संघस्वातंत्र्य कोठे सुरू होते, हे सर्वोच्च न्यायालयास वेळोवेळी ठरवावे लागले. टेक्सासच्या डेमोक्रॅटिक पक्षाने प्राथमिक निवडणुकीतून कृष्णवर्णीयांना वगळले होते. १९४४ साली स्मिथ विरुद्ध ऑलराइट या खटल्यात ही प्रथा घटनाबाह्य ठरली. त्या काळी दक्षिणेत एकाच पक्षाचे प्रभुत्व असल्यामुळे खरी निवड प्राथमिक निवडणुकीतच होत असे. तीतून वगळणे म्हणजे मताधिकारच हिरावून घेणे होते. १९८६ मध्ये, पक्षाची इच्छा असल्यास अपक्षांना बोलावण्यास राज्याने मज्जाव करू नये, असा निर्णय कनेक्टिकटच्या खटल्यात झाला. उलटपक्षी, प्रत्येक पदासाठी वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडू देणारी कॅलिफोर्नियाची सर्वसमावेशक पद्धती २००० साली रद्द झाली. कारण तीमुळे पक्षावर परकी मतदार लादले जातात, असे न्यायालयाचे मत पडले.

त्यावर काही राज्यांनी निराळीच वाट काढली. वॉशिंग्टनने २००४ मध्ये व कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आणून पहिले दोघे अंतिम निवडणुकीस पाठविण्याचा नियम स्वीकारला. येथे पक्षाचा अधिकृत उमेदवार निवडला जातच नाही. म्हणूनच २००८ साली न्यायालयाने वॉशिंग्टनची योजना ग्राह्य मानली. अलास्काने २०२० मध्ये पहिल्या चौघांची पद्धती पत्करली.

बंदिस्त पद्धतीचे समर्थक म्हणतात की, खुल्या दारातून प्रतिपक्षीय मतदार शिरून दुबळा उमेदवार निवडतील. असे संघटित कारस्थान प्रत्यक्षात क्वचितच आढळते. पक्ष ओलांडणारा मतदार बहुधा त्या उमेदवाराला खरोखरच पसंत करीत असतो. खुल्या पद्धतीने मवाळ प्रतिनिधी निवडून येतात, ही अपेक्षाही अभ्यासकांना फारशी फलद्रूप झालेली दिसली नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या राज्य-विधिमंडळांच्या एका विस्तृत अभ्यासात प्राथमिक निवडणुकीच्या खुलेपणाचा सदस्यांच्या मतप्रणालीवर अल्पच परिणाम आढळला.

यावरून नियमभेद निरर्थक ठरत नाही. जेथे एकाच पक्षाचा विजय निश्चित असतो, तेथे अंतिम निवडणूक ही केवळ औपचारिकता उरते आणि बंदिस्त राज्यातील अपक्ष नागरिक खऱ्या निवडीपासून वंचित राहतो. उमेदवारी ही पक्षाची मालमत्ता की मतदाराचा हक्क, हाच येथील मूळ वाद होय. आणि प्रत्येक राज्याचा नियम हे त्या वादाला दिलेले त्याचे उत्तर आहे.