डोंगरवाटेवरची बिऱ्हाडे

मंडळी, मुळशी तालुक्यात ताम्हिणी घाटाच्या बाजूने डोंगर चढू लागलात, की वाटेकडेला कधी तीन दगडांची चूल आणि कारवीच्या कुडाचे खोपट दिसते. जाणारा-येणारा म्हणतो, "असतील कोणी भटके!" पण एवढ्यावर सोडून कसे चालेल?

यांतली पुष्कळ बिऱ्हाडे कातकऱ्यांची. खैराचा कात काढणारे म्हणून हे नाव पडले. रानावर सरकारी बंधने आली आणि तो धंदा बुडाला. आता दिवाळी झाली की ही माणसे कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जातात, पावसाळ्याच्या तोंडाला परततात. खोपट त्यांचे, पण खालची जमीन बहुधा दुसऱ्याची. मालक 'उठा' म्हणाला, की उठायचे.

मुळशीला हे दुःख परके नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. लढा 1924 पर्यंत चालला. शेवटी धरण झाले, गावे बुडाली. घर गेले म्हणून ती माणसे काही आळशी किंवा चोर ठरत नाहीत.

तेव्हा वाटेत असे बिऱ्हाड भेटले, तर रामराम करा, दोन शब्द बोला. न विचारता फोटो काढू नका. आणि गुरुजी, भट्टीवरून आलेले पोर शाळेच्या दारात उभे राहिले, तर त्याला माघारी धाडू नका. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. बापाच्या नावावर जमीन नसेल. पोराचे नाव पटावर तरी असू द्या.