'बेग द क्वेश्चन' : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ व उपयोग

इंग्रजीतून प्रबंधलेखन करणारे अभ्यासक 'बेग द क्वेश्चन' हा वाक्प्रचार पुष्कळदा 'प्रश्न उपस्थित करणे' या अर्थी योजतात. त्याचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. जे सिद्ध करावयाचे तेच प्रमाण म्हणून गृहीत धरणे, हा तो अर्थ होय. 'अमुक बोली स्वतंत्र भाषा नव्हे, कारण ती दुसऱ्या भाषेची पोटबोली आहे,' या विधानात हाच दोष आहे. येथे कारण म्हणजे साध्याचीच पुनरुक्ती होय. न्यायशास्त्रातील 'साध्यसम' हेत्वाभास याच्या जवळचा आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने या दोषाचे विवेचन केले. वादाचा मूळ मुद्दाच प्रतिपक्षाकडून मागून घेणे, अशी त्यामागील कल्पना. तिच्यासाठी लॅटिनमध्ये 'पेटिटिओ प्रिन्सिपिई' ही संज्ञा रूढ झाली व १६ व्या शतकात तिचे इंग्रजी रूपांतर प्रचारात आले. 'बेग' म्हणजे येथे याचना नव्हे, तर पुराव्यावाचून गृहीत धरणे.

दोन्ही अर्थ बहुधा वाक्यरचनेवरून ओळखता येतात. मूळ अर्थी युक्तिवाद किंवा तो मांडणारा हा कर्ता असतो व वाक्य 'क्वेश्चन' या शब्दापाशी पूर्ण होते. पुढे 'व्हाय' किंवा 'हाउ' यांनी आरंभ होणारे उपवाक्य आल्यास अर्थ 'प्रश्न उपस्थित करणे' असा होतो. हा नवा अर्थ आता इंग्रजी कोशांनीही नोंदविला आहे. तथापि शोधनिबंधात दुसऱ्याच्या मतावर नकळत तर्कदोषाचा आरोप होऊ नये, यासाठी त्या अर्थी 'रेज द क्वेश्चन' हीच योजना इष्ट होय.