शिकागोची जत्रा : दुधाच्या बाटलीपासून मार्विन गेपर्यंत

शनिवारची सकाळ. शिकागो शहराच्या दक्षिण भागातलं एक सभागृह तुडुंब भरलेलं. कुणी नातवंडांना घेऊन आलंय, कुणी कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट इथेच. बेन ब्रँच नावाचा सॅक्सोफोनवादक आपल्या ताफ्यासह वाजवतो आहे, गायकवृंद साथ देतो आहे, लोक टाळ्यांनी ठेका धरताहेत. मग पंचविशीतला एक उंचापुरा तरुण उभा राहतो. ईश्वराचं नाव घेऊन झालं, की तो श्रोत्यांना सांगतो, या आठवड्यात दूध कुठल्या कंपनीचं घ्यायचं, फरशीचं मेण कुठलं, सॉसेज कुठलं आणि कुठल्या दुकानाची पायरी मुळीच चढायची नाही!

प्रार्थनासभेत वाणसामानाची यादी? ऐकायला गंमत वाटते खरी. पण १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोतल्या हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांचा आठवडी बाजार या सभेत ठरत असे. त्या तरुणाचं नाव जेसी जॅक्सन. पुढे १९८४ आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ज्याने जोरदार लढत दिली, तोच हा जॅक्सन. आणि याच शनिवारच्या सभांमधून एक अशी जत्रा उभी राहिली, जिच्यात दुकानं होती, बँका होत्या, चित्रं होती आणि त्या काळातले सर्वांत मोठे गायकही होते. तिचं नाव ब्लॅक एक्स्पो.

पिशवीतली ताकद

ज्या दुकानात आपल्या मुलाला नोकरी मिळत नाही, तिथे आपला पैसा का टाकायचा? हा प्रश्न अमेरिकेत नवा नव्हता. १९३०च्या मंदीत शिकागोतच काळ्या वस्तीतल्या दुकानांसमोर लोक फलक घेऊन उभे राहिले होते. गिऱ्हाईक काळं चालतं, मग गल्ल्यावर काळी मुलगी का चालत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात रेव्हरंड लिऑन सलिव्हन यांनी शहरातल्या शेकडो धर्मगुरूंना एकत्र आणलं आणि एका मोठ्या केककंपनीवर बहिष्कार टाकला. ना मोर्चा, ना घोषणा. रविवारी चर्चमध्ये सूचना व्हायची आणि सोमवारी केक दुकानात पडून राहायचे. कंपनी नमली.

हे पाहून मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६२ मध्ये अटलांटात 'ऑपरेशन ब्रेडबास्केट' सुरू केलं. ब्रेडबास्केट म्हणजे भाकरीची टोपली. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द ज्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचले आहेत, त्या मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. किंग स्वतः फेब्रुवारी १९५९ मध्ये पत्नी कोरेटा यांच्यासह भारतात आले होते, मुंबईच्या मणिभवनातही गेले होते. बहिष्काराची कल्पना त्यांनी इथून उचलली असं म्हणणं मात्र खरं नाही. त्यांच्या माँटगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी १९५५-५६ मध्येच वर्षभर बसवर बहिष्कार टाकला होता.

शिकागोत ब्रेडबास्केटचं काम १९६६ मध्ये सुरू झालं. पद्धत अगदी हिशेबी. धर्मगुरूंची समिती कंपनीकडे जायची आणि विचारायची, तुमच्याकडे माणसं किती, त्यांत काळी किती, कुठल्या पगारावर? आकडे मिळाले की मागणी. मागणी फेटाळली की चर्चच्या व्यासपीठावरून बहिष्कार. पहिला फटका एका दूधकंपनीला बसला. उन्हाळ्याच्या तोंडावर दूध दुकानात नासायला लागलं, तेव्हा काही दिवसांतच तिने करार केला.

जॅक्सनने लवकरच ओळखलं, की नुसत्या नोकऱ्या मागून भागणार नाही. १९६८ मध्ये 'ए अँड पी' या किराणा दुकानांच्या मोठ्या साखळीशी जो करार झाला, त्यात काळ्या उद्योजकांचा माल फळीवर ठेवण्याचं कलमही होतं. मुष्टियोद्धा जो लुई याच्या नावाचं दूध, मंबो नावाचं बार्बेक्यू सॉस, संत्र्याचा रस, फरशीचं मेण. दुकानातला कचरा उचलण्याचं आणि झुरळं-उंदीर मारण्याचं कंत्राटसुद्धा काळ्या माणसाला! माल फळीवर कुठे ठेवला आहे, खालच्या कोपऱ्यात की डोळ्यांसमोर, हे बघायला बायका दुकानात चक्कर मारून यायच्या. गृहिणीची नजर कुठल्याही इन्स्पेक्टरपेक्षा पक्की असते, हे तिकडेही खरं ठरलं.

अडीचशे डॉलरची सहल

पण काळ्या माणसाचा धंदा एवढा दुबळा का होता? गुलामी १८६५ मध्ये संपली. पण बँकेचं दार उघडलं नाही. १९२१ मध्ये टल्सा शहरातली ग्रीनवूड ही भरभराटीला आलेली काळी पेठ गोऱ्या जमावाने जाळून टाकली. पुढे सरकारी नकाशांवर काळ्या वस्त्यांभोवती लाल रेघा आल्या आणि त्या रेघेच्या आत घरकर्ज मिळणं जवळजवळ अशक्य झालं. घर नाही म्हणजे तारण नाही, तारण नाही म्हणजे भांडवल नाही.

शिकागोच्या जॉर्ज जॉन्सन यांची गोष्ट याच संदर्भात सांगितली जाते. १९५४ मध्ये केस सरळ करण्याचं क्रीम तयार करायला त्यांनी अडीचशे डॉलर कर्ज मागितलं. धंद्यासाठी म्हटल्यावर नकार. मग हा गृहस्थ त्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत गेला आणि म्हणाला, बायकोला घेऊन कॅलिफोर्नियाच्या सहलीला जायचंय. पैसे लगेच मिळाले! काळ्या माणसाने मौज करण्यावर भरवसा होता, कमावण्यावर नव्हता. त्याच पैशांतून 'जॉन्सन प्रॉडक्ट्स' उभी राहिली. तिची 'अल्ट्रा शीन' आणि 'अफ्रो शीन' ही उत्पादनं घराघरांत गेली. १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंद झालेली ती पहिली कृष्णवर्णीय मालकीची कंपनी.

याच शहरात जॉन एच. जॉन्सन यांनी १९४२ मध्ये आईचं फर्निचर तारण ठेवून पाचशे डॉलर उभे केले आणि मासिक काढलं. त्यातून पुढे 'एबनी' आणि 'जेट' आली. दोघे जॉन्सन, पण नात्याचे नव्हेत. आणि जॉर्ज जॉन्सनचे एके काळचे मालक एस. बी. फुलर यांनी तर १९३५ मध्ये पंचवीस डॉलरच्या साबणवड्या दारोदार विकून सुरुवात केली होती. त्यांनी एक गोऱ्यांची सौंदर्यप्रसाधन कंपनी गुपचूप विकत घेतली. दक्षिणेतल्या वर्णवाद्यांना मालक काळा आहे हे कळलं, तेव्हा त्यांनीच तिच्या मालावर बहिष्कार घातला. हत्यार तेच, हात दुसरे.

कत्तलखान्याशेजारी गाणं

तर असे हे विखुरलेले धंदे एका छपराखाली आणायचे, म्हणून १९६९ मध्ये पहिली ब्लॅक एक्स्पो भरली. आदल्याच वर्षी ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली होती. गच्चीच्या कठड्यापाशी उभ्या किंग यांचं शेवटचं बोलणं झालं ते खाली उभ्या बेन ब्रँचशी. आज रात्री आपलं आवडतं भजन वाजव, एवढंच ते म्हणाले. तोच ब्रँच, तोच ताफा.

जत्रा भरायची ती शहराच्या इंटरनॅशनल अ‍ॅम्फिथिएटरमध्ये. शेजारी प्रसिद्ध युनियन स्टॉक यार्ड, म्हणजे गुरांचा बाजार आणि कत्तलखाने. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून पोटासाठी शिकागोत आलेल्या कितीतरी काळ्या माणसांनी आयुष्य त्या कत्तलखान्यांत घालवलं होतं. बाजार १९७१ मध्ये बंद पडला. ज्या भागात बापाने रक्तामांसाच्या चिखलात उभं राहून मजुरी केली, तिथेच मुलगा आता स्वतःच्या नावाची पाटी लावून स्टॉल मांडत होता.

स्टॉल तरी किती परींचे! विमा कंपन्या, काळ्या मालकीच्या बँका, केशप्रसाधनं, खाद्यपदार्थ, पुस्तकं, चित्रं. बड्या गोऱ्या कंपन्यांनाही तिथे यावं लागे. कारण गिऱ्हाईक तिथे होतं. शाळांच्या सहली यायच्या. लहान मुलांना बँकेचा मॅनेजर काळा असू शकतो हे आधी तिथे दिसायचं, मग पुस्तकात.

आणि संध्याकाळी संगीत. १९७२च्या जत्रेचा कार्यक्रम ऐकूनच जुने रसिक हरखतील : मार्विन गे, जॅक्सन फाइव्ह, रॉबर्टा फ्लॅक, ग्लॅडिस नाइट, बिल विदर्स, टेम्प्टेशन्स, शिकागोचाच कर्टिस मेफील्ड. जॅक्सन फाइव्हमधला मायकेल तेव्हा चौदा वर्षांचा होता. या सोहळ्यावर दिग्दर्शक स्टॅन लेथन यांनी केलेला 'सेव्ह द चिल्ड्रन' हा चित्रपट १९७३ मध्ये पॅरामाउंटने प्रदर्शित केला. त्यात गाण्यांच्या मधूनमधून शिकागोच्या गल्ल्या दिसतात, खेळणारी मुलं दिसतात, मोडकी घरं दिसतात. नुसत्या गाण्याच्या चित्रपटाला हे नको असतं. पण जत्रा कुणासाठी होती ते त्यातूनच कळतं.

संगीत हे तिथे तोंडी लावणं नव्हतं. १९७० मध्ये शिकागोच्या स्थानिक दूरचित्रवाणीवर डॉन कॉर्नेलियस यांनी 'सोल ट्रेन' हा नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू केला. पुढच्या वर्षी तो देशभर गेला, तो जॉर्ज जॉन्सन यांनी प्रायोजकत्व दिलं म्हणून. केसांच्या तेलाच्या पैशावर काळं संगीत घरोघरी गेलं आणि संगीताबरोबर तेल खपलं.

गल्ला कुणाचा?

जिथे जत्रा, तिथे गल्ला. आणि गल्ला म्हटला की भांडण आलंच. १९७१ची एक्स्पो जोरात झाली. पण किंग यांच्या मूळ संघटनेचे तेव्हाचे प्रमुख राल्फ अबरनॅथी यांच्या कानावर आलं, की जॅक्सनने एक्स्पोची नोंदणी संघटनेला न विचारता स्वतंत्रपणे करून घेतली आहे. हिशेबाबद्दलही प्रश्न उठले. डिसेंबरात जॅक्सनला साठ दिवसांसाठी निलंबित करण्यात आलं. त्याने राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात, नाताळच्या दिवशी, 'ऑपरेशन पुश' ही स्वतःची संघटना काढली. १९७२ची जत्रा म्हणून 'पुश एक्स्पो' झाली.

जॅक्सनच्या बाजूचे म्हणत, पैसा शिकागोने जमवला, तो इथेच राहिला पाहिजे. विरोधक म्हणत, चळवळीचं नाव वापरून माणूस स्वतःचा दरबार भरवतो आहे. दोन्हींत तथ्य होतं. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळांचे हिशेब ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही.

धंद्यांचं पुढे काय झालं, तेही पाहायला हवं. काळ्या ग्राहकाकडे पैसा आहे हे बड्या कंपन्यांना उमगलं आणि त्या स्वतःच त्या बाजारात उतरल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यावर सरकारी व्यापार आयोगाने जॉन्सन प्रॉडक्ट्सला केसांच्या क्रीमवर धोक्याचा इशारा छापायला लावलं. तसंच रसायन वापरणाऱ्या मोठ्या स्पर्धकावर ती पाळी बरीच उशिरा आली. मधल्या काळात गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. १९९३ मध्ये कंपनी विकली गेली. 'एबनी' आणि 'जेट'ही जॉन्सन कुटुंबाने २०१६ मध्ये विकली.

शेजारच्या गावाने उचललं

शिकागोची जत्रा पाहायला गेलेल्यांत शेजारच्या इंडियाना राज्यातले काही धर्मगुरू आणि कार्यकर्ते होते. रेव्हरंड अँड्र्यू ब्राउन हे त्यांतले एक. परतल्यावर त्यांनी १९७० मध्ये 'इंडियाना ब्लॅक एक्स्पो' स्थापन केली आणि १९७१ मध्ये इंडियानापोलिसच्या राज्य जत्रामैदानावर पहिलं प्रदर्शन भरवलं.

हे गावही योग्यच होतं. इथेच १९१० मध्ये मॅडम सी. जे. वॉकर राहायला आल्या. गुलामी संपल्यावर जन्मलेलं घरातलं पहिलं मूल, सातव्या वर्षी पोरकी, पुढे लोकांचे कपडे धुणारी. स्वतःचे केस गळायला लागले म्हणून तेलाच्या खटाटोपात पडल्या आणि कारखान्याच्या मालकीण झाल्या. १९१२ मध्ये शिकागोत काळ्या व्यापाऱ्यांचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन काही केल्या त्यांना बोलायला देईनात. शेवटी बाई श्रोत्यांतूनच उठून बोलू लागल्या : कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबापाशी, तिथून चुलीपाशी आणि तिथून स्वतःच्या कारखान्यात कशी आले ते सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच वॉशिंग्टननी त्यांना रीतसर वक्त्या म्हणून बोलावलं! त्यांच्या नावाची इमारत आणि नाट्यगृह १९२७ मध्ये इंडियाना अ‍ॅव्हेन्यूवर उघडलं. याच रस्त्यावरच्या क्लबांत गिटारवादक वेस माँटगोमेरी घडला.

आपल्याकडेही या वाटेचे धागे आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नावच तिकडून घेतलं. आणि २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संस्था काढली, तिच्यामागे अमेरिकेतल्या काळ्या भांडवलाचा अभ्यास होता. संस्थेने पुण्यात आणि मुंबईत व्यापारी प्रदर्शनंही भरवली. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरला. ठरलेला वाटा प्रत्यक्षात पुरा मिळावा, यासाठी मात्र उद्योजकांना अजून झगडावं लागतं. ए अँड पीच्या फळ्या तपासणाऱ्या बायका इथेही हव्यात.

शिकागोचं अ‍ॅम्फिथिएटर १९९९ मध्ये पाडलं गेलं. इंडियानापोलिसची जत्रा मात्र दर जुलैत भरते. स्टॉल लागतात, संगीत होतं, आणि एका दालनात रक्तदाब, साखर आणि इतर तपासण्या फुकट करून मिळतात. गाणं ऐकायला आलेली आजी आधी त्या रांगेत उभी राहते, बाही वर करते, आणि मग नातवाला घेऊन स्टॉल बघायला निघते.